टाकीपर्यंत हात पोचायला हवा

पुण्याजवळच्या महाळुंग्यापासून समुद्र दूर. पण इथे मुळा नदीच्या आसपास उभ्या राहिलेल्या उंच सोसायट्यांत डिझेलचा जनरेटर असतोच. लाइट गेली की लिफ्ट त्याच्यावर चालते, एरवी डिझेल टाकीत नुसतं पडून राहतं. शिडाच्या जुन्या नौकेचं दुखणं नेमकं हेच. वारा असेपर्यंत इंजिनाला कोणी हात लावत नाही. डिझेल लागतं ते बंदरात शिरताना, नाहीतर बॅटऱ्या चार्ज करताना.

अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, पत्र्यावर पाणी धरतं आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी नि जिवाणू वाढतात, त्यांचा काळपट चिकट गाळ होतो. नांगरलेल्या नौकेत तो दिसत नाही. समुद्र खवळला की ढवळून वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं, तेही नेमकं हवं असताना.

गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’वर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच नौकेवर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला परतले, मधे कुठेही न थांबता. पाच महिने बंदर नाही म्हटल्यावर तुंबलेला फिल्टर हेलकाव्यांतच बदलावा लागणार.

टाकीच बदलायची ठरवली, तर जुनी काढणं हे सगळ्यात जिकिरीचं काम. बऱ्याच नौकांत आधी टाकी बसवतात, मग इंजिन, मग वरचा डेक. त्यामुळे ती अख्खी दारातून निघत नाही. डिझेल उपसून, आतली वाफ घालवून तिचे तुकडे करावे लागतात. लोखंडी टाकी बहुधा बुडाकडून सडलेली सापडते, कारण बिल्जचं, म्हणजे नौकेच्या तळातलं पाणी तिथेच साचतं. नवी अ‍ॅल्युमिनियमची केली तरी ओल्या फोमवर टेकवली तर तिलाही खड्डे पडतात. खाली हवा खेळायला हवी.

एका मोठ्या टाकीपेक्षा दारातून सहज जाणाऱ्या दोन छोट्या बऱ्या. एकीतलं डिझेल खराब निघालं तरी दुसरी हाताशी राहते. मात्र इथे एक गोष्ट हटकून विसरली जाते. डिझेल इंजिन जाळतं त्याहून जास्त इंधन ओढतं आणि उरलेलं परत पाठवतं. ओढायचं डाव्या टाकीतून आणि परतीचं उजवीत, असं झालं तर उजवी भरून वाहते. म्हणून दोन्ही नळ्यांना व्हॉल्व्ह हवेत आणि ते बरोबरच फिरवायला हवेत. दोन टाक्या खालून जोडल्या असतील तर मधला व्हॉल्व्ह शीड चढवताना बंद करावा. नाहीतर कलत्या नौकेत सगळं डिझेल खालच्या बाजूला जमतं आणि नौका आणखी कलते.

आत बॅफल म्हणजे आडव्या भिंती हव्यात, नाहीतर डिझेल आदळत राहतं. प्रत्येक कप्प्यावर हात जाईल एवढं झाकण हवं. पैसे वाचवायला बहुतेक जण हेच गाळतात. ओढणारी नळी तळापासून थोडी वर, आणि पाणी काढायची सोय सगळ्यात खोल कोपऱ्यात. हवेची नळी इतकी उंच न्यावी, की नौका कितीही कलली तरी तिच्यातून समुद्र आत येऊ नये.

टाकी बसवण्याआधी तिच्यात थोडी हवा दाबून सांध्यांना साबणाचं पाणी लावतात आणि बुडबुडा कुठे येतो ते पाहतात. नंतरच्या पहिल्या खडतर फेरीत दर तासाला फिल्टरच्या पारदर्शक वाटीत डोकावावं. तळाशी पाण्याचा थर दिसला, तर आधी भरणीच्या झाकणाचं रबर तपासावं.