जवानाला काय लिहावं?

चि. सौ. बायडी हिस,


पत्र पोचलं. दिवाळीला तुझ्या वर्गातली मुलं सीमेवरच्या जवानांना शुभेच्छापत्रं पाठवणार, हे वाचून फार बरं वाटलं. मजकूर काय असावा असं विचारलंस, तर मनापासून सांगतो.

आधी एक कर, फळ्यावर मजकूर लिहून देऊ नकोस. मी फौजेत असताना तसे गठ्ठे आमच्याकडे यायचे. वरचं एक वाचलं की खालची सगळी वाचल्यासारखीच. 'आपण डोळ्यांत तेल घालून पहारा देता म्हणून आम्ही सुखानं झोपतो' हे वाक्य पोरांचं नसतं, गुरुजींचं असतं. आणि बलिदान, शहीद, प्राणार्पण हे शब्द तर मुळीच नकोत. वाचणारा पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा असतो. त्याचं लग्न ठरलेलं असतं, नाहीतर घरी तान्हं मूल असतं. सुट्टी कधी मंजूर होते याकडे त्याचे डोळे लागलेले असतात. 'तुम्ही आमच्यासाठी प्राण देता' असं तिसरीतल्या मुलाच्या अक्षरात वाचून त्याला काय वाटत असेल? तो मरायला गेलेला नाही, नेमून दिलेलं काम करून घरी यायला गेलाय. आपल्या सातारा जिल्ह्यात फौजीचं मूल नाही असा वर्ग सापडणं अवघड. त्या मुलाच्या शेजारी बसून बाकीच्यांनी 'शहीद' लिहावं, हे मला पटत नाही.

मग लिहायचं काय? कारगिलच्या लढाईनंतर आम्ही लडाखला होतो तेव्हाचं सांगतो. एका मुलीनं वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलं होतं, आमची म्हैस व्याली, पण रेडकू दूध नीट पीत नाही. खाली विचारलं होतं, तुमच्याकडे कुत्रा आहे का, त्याला थंडी वाजते का? कुत्रा होता. बुखारीजवळची, म्हणजे शेगडीजवळची, जागा तो कुणाला सोडायचा नाही. ते पत्र लंगरात, म्हणजे आमच्या जेवणाच्या जागी, मोठ्यानं वाचलं. रेडकाला चीक पोटभर मिळाला नसणार, असं कोल्हापूरचा एकजण म्हणाला. नगरचा म्हणाला, तसं नाही, त्याला जंत झालेत. दोघांची चांगलीच जुंपली. आमच्याबरोबर हिमाचलचा एक सिग्नलवाला होता, त्याला सगळं हिंदीत सांगावं लागलं, तर त्यानं त्याच्या घरच्या म्हशीची हकिगत काढली. त्या रात्री पोस्टवर बर्फाचं नाव कुणी काढलं नाही. म्हणून म्हणतो, मुलांना त्यांच्या घरचं लिहू दे. विहिरीला पाणी किती आहे, एसटी वेळेवर येते का, आजी कशावरून रागावली. आणि प्रश्न विचारू देत. चित्रात बंदूक आणि झेंडा काढला तर काढू दे, पण घर, बैल, किल्ला, आकाशकंदीलही असू दे. पत्र मराठी न येणाऱ्याच्या हातात पडलं तर तो चित्रच वाचणार.

चमकी आणि थर्माकोल नको. डिंक ओला असतानाच पत्रं एकावर एक ठेवली की ती चिकटतात आणि उघडताना फाटतात. वजनही हलकं हवं. उंचावरच्या पोस्टवर हेलिकॉप्टर जातं ते फार थोडं सामान घेऊन, आणि हवा बिघडली की तेही जात नाही.

फौजेच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली 'मार्फत 56 एपीओ' किंवा '99 एपीओ', म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. 56 ची डाक दिल्लीहून पुढे जाते, 99 ची कोलकात्याहून. डाक सांभाळणारी बरीचशी माणसं टपाल खात्यातूनच फौजेत आलेली असतात. त्यांचं केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे. 'प्रिय जवान' असं मोघम लिहिण्यापेक्षा गावातल्या फौजींच्या घरी जाऊन पत्ते घे आणि नावानं पत्रं पाठव. तसे पत्ते मिळाले नाहीत तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचार. मुलांच्या घरचा पत्ता किंवा फोन नंबर पत्रावर नको, शाळेचा पुरे.

आता सियाचिनपर्यंत मोबाइल पोचला, 2025 च्या जानेवारीत तिथं फाइव्ह-जीसुद्धा आलं, मग कागद कशाला, असं कुणी शाळेत म्हणेल. फोनवर जवानाला घरचं सगळं कळतं. बापाचं दुखणं, बांधावरचं भांडण, सोसायटीचा हप्ता. फोन ठेवला की ते डोक्यात घेऊनच ड्युटीवर उभं राहायचं. अनोळखी मुलाच्या पत्रात असलं काही नसतं. ते खिशात राहतं, पुन्हा वाचता येतं, दुसऱ्याला देता येतं. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या पेटीत, घरच्या फोटोंखाली, अशी पत्रं होती.

गठ्ठा नवरात्राच्या आधी टपालात पडू दे. उत्तर येईलच असं मुलांना सांगू नकोस. पोस्टवर लिहायला सवड मिळतेच असं नाही, आणि डाक खाली यायलाही वेळ लागतो. आणखी एक कर. ज्या घरी पत्ता घ्यायला जाशील तिथं मुलांना बरोबर ने, आणि त्या घरातल्या आईसाठीही एक शुभेच्छापत्र करायला लाव. दिवाळीत तिचाही मुलगा घरी नसणार.

तुझा,
मामा