थोरला एफएम

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालं आणि भिगवण मागे पडलं की डाळज लागतं. तेही एक नाही, तीन : डाळज नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन. नवख्याला सगळं एकच वाटतं, पण तिथला माणूस पत्ता सांगताना नंबर गाळत नाही. निकॉनच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांचंही असंच आहे. एफएम, एफई, एफएम टू, एफएम टू एन, एफई टू, एफएम टेन. काचेच्या कपाटात शेजारी शेजारी मांडले तर तोंडवळा एकच, आणि दुकानदार किंमत सांगतो ती मात्र एकेकाची वेगळी. डाळजजवळच्या उजनी जलाशयाच्या काठावर रोहित पक्षी टिपायला जुना कॅमेरा घ्यायचा म्हणणाऱ्याची पहिली अडचण हीच असते, की यांतला कुठला घ्यावा?

मी थोरल्याच्या बाजूचा आहे. थोरला म्हणजे साधा एफएम, 1977 चा. पुढे दुसरा आकडा नाही, मागे एन नाही. धातूचं अंग, वजन सहाशे ग्रॅमच्या जरासं आत. हातात घेतला की पहिल्यांदा जाणवते ती त्याची गंभीर वृत्ती. तो आपणहून काहीच करत नाही. रोल पुढे सरकवायची पट्टी बोटभर बाहेर ओढली की त्याचा मीटर जागा होतो. पट्टी आत लोटली की तो झोपतो आणि शटरचं बटणही दाबू देत नाही. डाव्या डोळ्याने बघणाऱ्याच्या कपाळाला ती पट्टी टोचते. त्याला इलाज नाही, तो तसाच आहे. आत डोळा लावला की उजव्या कडेला तीन लाल दिवे : अधिक, गोल, उणे. गोल लागला की उजेड बरोबर. यापलीकडे तो बोलत नाही.

आणि बॅटरी संपली तर? शर्टाच्या बटणाएवढ्या दोन बॅटऱ्या, त्या फक्त या तीन दिव्यांसाठी. त्या मेल्या तरी शटर एक सेकंदापासून हजाराव्या भागापर्यंत प्रत्येक वेगावर चालतं, कारण आत सगळा स्प्रिंगा आणि दातेरी चाकांचा कारभार. त्याचा सख्खा भाऊ एफई, 1978 चा, जास्त हुशार. उजेड बघून शटरचा वेग तो स्वतःच ठरवतो. पण बॅटरी गेली की त्याच्याकडे उरतो तो नव्वदाव्या भागाचा एकच वेग, आणि लांबच्या लेन्सवर तो वेग काही कामाचा नाही. पहाटे होडी काठापासून दूर गेल्यावर बॅटरीचं दुकान कुठून आणायचं?

खरी चुरस आहे ती एफएम टूशी. 1982 साली तो आला तोच सेकंदाचा चार हजारावा भाग घेऊन. त्या आकड्याने तो प्रसिद्ध झाला आणि आजही त्याच आकड्यावर विकला जातो. स्टीव्ह मकरी यांनी 1984 मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, जी पुढच्या वर्षी जूनमध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आली, ती एफएम टूवरच टिपलेली. पण तो फोटो मऊ उजेडात, समोर स्थिर बसलेल्या चेहऱ्याचा आहे. चार हजाराचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता हिशोब डाळजच्या पाण्यावर मांडून बघा. रोहित जवळ येऊ देत नाहीत, म्हणून लांबची लेन्स हवी. समजा 500 मिलिमीटरची, आरशाची, अॅपर्चर आठचं एकच, कमीजास्त न होणारं. होडी हलते, त्यामुळे ट्रायपॉड असून नसल्यासारखा, आणि एवढी लेन्स हातात धरायची तर पाचशेच्या खाली उतरून चालत नाही. रोल 400 चा घातला तर लख्ख उन्हात वेग येतो सुमारे सोळाशे. सूर्य वर चढायच्या आधी, म्हणजे पक्षी खरे बघण्यासारखे असतात तेव्हा, तो येतो आठशे-हजाराच्या घरात. थोरल्याची धाव तिथपर्यंत आहे आणि काम तिथेच संपतं. ऊन तापल्यावर हजारावर ठेवलं तर फोटोत उजेड थोडा जास्त जाईल, पण निगेटिव्ह रोल तेवढं पोटात घालतो. म्हणजे चार हजाराचे जादा पैसे इथे कशासाठी मोजायचे?

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पाणी चमकतं, मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि मग पांढरट गुलाबी पक्षी मळकट राखाडी उतरतात. म्हणून गोल दिवा लागला तरी वेग एक पायरी खाली आणावा. दुसरं फोकसचं. मधल्या वर्तुळात चित्र दुभंगलेलं दिसतं आणि रिंग फिरवून ते जुळवायचं असतं. रोहिताच्या लांब पायावर ही जुळणी फार सुरेख होते, एका पायाचे दोन तुकडे सरकत सरकत एकमेकांखाली येतात. पण अॅपर्चर आठच्या लेन्सवर त्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो. तेव्हा वर्तुळाचा नाद सोडून भोवतालच्या दुधी काचेवरच डोळा ठेवावा. आरशाच्या लेन्सने मागच्या पाण्यावरच्या चमचमीची गोल गोल कडी होतात. कुणाला ती खटकतात, मला आवडतात.

लग्नाची गोष्ट वेगळी, आणि तिथे मी थोरल्याचा हट्ट धरणार नाही. शेतातला मांडव, वैशाखातली दुपार, नवरीचा चेहरा सावलीत आणि मागे रखरखीत ऊन. चेहऱ्यावर फ्लॅश मारावाच लागतो. थोरल्याचा फ्लॅश जुळतो एकशे पंचविसापर्यंत, एफएम टूचा दोनशेपर्यंत आणि 1984 नंतरच्या एफएम टू एनचा अडीचशेपर्यंत. रोल 100 चा असेल तर त्या उन्हात थोरल्याला अॅपर्चर सोळा लागतं, एनला अकरा. 28 गाइड नंबरचा फ्लॅश सोळाला पावणेदोन मीटर पोचतो, अकराला अडीच मीटर. या पाऊण मीटरमध्ये नवरी एकटी येते की नवरानवरी दोघं, ते ठरतं. एनची खरी कमाई ही आहे. विकणारा चार हजार सांगत राहतो आणि अडीचशेचं नावही काढत नाही, याचं मला वाईट वाटतं. एन ओळखायचा तर पाठीमागे नंबरच्या आधी इंग्रजी एन बघावा, आणि शटरच्या चकतीवर 250 चा आकडा लाल रंगात.

एफएम टेन हा त्या घरचा रक्ताचा नव्हे. 1995 चा, प्लास्टिकच्या अंगाचा, आणि घडवलेला कोसिना कंपनीने, जिने आपल्याकडच्या कित्येक फोटोग्राफरांच्या गळ्यात असलेला याशिका एफएक्स थ्री सुपर टू थाउजंडही घडवला. शिकायला तो चांगला आहे.

थोरला घेताना मागचं दार उघडून बघावं. कडेचा काळा स्पंज बोटाला चिकटत असेल तर तो बदलता येतो, त्यासाठी सौदा मोडू नये. शटरच्या पात्यांवर तेलाचा ओशटपणा किंवा पोचा दिसला तर मात्र कॅमेरा परत ठेवावा. मग एक सेकंदावर लावून कान द्यावा. आतली घरघर अडखळली, तर तो बरीच वर्षं पडून आहे असं समजावं.

त्याचा एक गुण एफएम टूमध्ये नाही. लेन्स बसते त्या कड्याजवळ एक इवलीशी पट्टी असते, ती वर उचलता येते. उचलली की 1977 च्या आधीच्या निकॉनच्या बहुतेक लेन्स थोरल्यावर बसतात. मीटर बघताना अॅपर्चर हाताने बंद करावं लागतं, एवढाच त्रास. त्या लेन्सना गिऱ्हाईक कमी, म्हणून त्या स्वस्त मिळतात. वाचलेले पैसे रोलला लागतात, आणि पाण्यावर एका सकाळी छत्तीस फोटो बघता बघता संपतात.