सुभक्तीची कसरत

नगर,
रविवार, रात्र

चि. पोरी,



तुझा मेसेज दोनदा वाचला. पहाटे पवित्र शास्त्र उघडतेस, पण नुसते डोळे फिरतात. प्रार्थनेला गुडघे टेकले की ऑफिसातलं राहिलेलं काम आठवतं. मग हे ढोंगच नाही का, असं विचारलंयस. फोनवर काहीतरी गोड बोलून तुझी समजूत काढली असती, पण प्रश्न तेवढ्यावर मिटणारा नाही. म्हणून कागद घेतला.

ढोंगाला बघणारं कुणीतरी लागतं, बाळ. तू दार लावून एकटी बसतेस. मन लागत नसताना बसतेस, ही तर खरी सचोटी.

पौलानं तरुण तीमथ्याला सुभक्तीबद्दल लिहिताना जो शब्द वापरला, त्याला आपल्या मराठी शास्त्रात ‘कसरत’ म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द व्यायामशाळेतला, जिम्नॅशियम ज्यावरून आलं तोच. मला हा शब्द फार आवडतो. तालमीतलं पोरगं आज हुरूप आहे म्हणून जोर काढतं आणि उद्या नाही म्हणून घरी बसतं, असं होत नाही. अंग दुखत असलं तरी ते मातीत उतरतं. आणि बघ, तीमथ्याचा विश्वास आधी त्याच्या आजीच्या आणि आईच्या ठायी होता, हेही पौलानंच लिहून ठेवलंय. लोईस आणि युनीके. ती नावं वाचली की मला तुझी आजी दिसते.

१९७२ चा दुष्काळ. मी दहा वर्षांची असेन. आई-दादा, म्हणजे तुझे आजी-आजोबा, खडी फोडायला जायचे आणि घरात रेशनची लाल मिलो यायची. तिची भाकरी धड थापली जायची नाही, कडेनं चिरायची. तरी आई दळायला घ्यायच्या आधी त्या मिलोतली एक मूठ काढून चुलीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. देवाची मूठ. महिना भरला की डबा मंडळीत जायचा. एकदा मी रडले, म्हटलं आपल्यालाच पुरत नाही. तिनं माझा हात धरला, डब्यात घातला आणि माझीच मूठ भरून तिथं टाकायला लावली. बोलली काही नाही. तिला वाचतासुद्धा अक्षराखाली बोट धरून यायचं, एक ओळ संपेपर्यंत दूध उतू जायचं. पण ती मूठ एक दिवस चुकलेली मला आठवत नाही. देणं तिच्या हाताला आधी कळलं होतं. मनाला रोज कळत होतं की नाही, कोण जाणे.

तू म्हणशील, आपलं तारण तर कृपेनं, मग कसरत कशाला? हा प्रश्न मलाही वर्षानुवर्षं होता. त्याचं उत्तर मला मळ्यात मिळालं. तुझे आजोबा रात्री दारं धरायला जायचे. पाटाला पाणी सुटलं की कंदील नि फावडं घेऊन निघायचे, मी मागे मागे. वाफ्याचं तोंड फोडायचं, भरला की बुजवायचं, पुढचा फोडायचा. पाणी काही त्यांनी आणलेलं नव्हतं, ते वरून यायचं. पण पाळी असताना झोपून राहिलं तर तेच पाणी बांधावरून निघून जायचं आणि ऊस कोरडा. तुझी पहाट म्हणजे ते दारं धरणं आहे. पाणी देणारा देव. तू फावडं घेऊन हजर राहायचंस.

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की आपल्याकडे १९०५ सालची केडगावची जागृती सांगतात. त्यांच्या मुक्तीसदनातल्या मुली रडल्या, रात्र रात्र प्रार्थना चालल्या. ते खरंच आहे. पण माझं मन त्यांच्या दुसऱ्या कामापाशी जाऊन थांबतं. साध्या बाईला कळेल अशा मराठीत शास्त्र आणायचं म्हणून त्या चाळिशीनंतर हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. ऐकू कमी येत होतं, शेकडो बायका-मुलींचा संसार डोक्यावर होता आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम सुटलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं. त्या सगळ्या वर्षांत प्रत्येक सकाळी त्यांचं मन भरून येत होतं, असं मला वाटत नाही. कोश उघडायचा, शब्द शोधायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. मला त्यात जागृतीइतकाच पवित्र आत्मा दिसतो.

आता जे सांगायला खरं तर बसले ते सांगते. कसरत रोज करूनही माणूस एक अवयव मुद्दाम आखडून ठेवू शकतो. मी ठेवला होता. घराची वाटणी झाली तेव्हापासून अकरा वर्षं मी माझ्या जावेशी बोलले नव्हते. मधे एक भिंत. या काळात माझी एकही कुटुंबप्रार्थना चुकली नाही, लेंटमधले उपवास चुकले नाहीत, महिला मंडळात मी वचन सांगायचे. आणि प्रभूच्या प्रार्थनेत इतरांना क्षमा केल्याची गोष्ट येते तो भाग मी भरभर म्हणून पुढे जायचे. एका रविवारी प्रभुभोजनाच्या आधी माझी जीभ तिथंच अडली. पाळकसाहेब पुढे गेले, मंडळी पुढे गेली, मी राहिले मागे. त्या दिवशी मी प्याला घेतला नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तू कॉलेजात वाचलीस. आठवतं ना, त्यांच्या यजमानांचा, टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली वर्षं त्या शिवाशिवीशी झगडत होत्या. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं. देवानं त्यांना गाठलं ते बरोबर त्या अडलेल्या जागी. माझी अडलेली जागा भिंतीपलीकडे होती.

त्या रविवारी संध्याकाळी जावेकडे गेले. क्षमा मागायची वगैरे ठरवून गेले होते, पण तिनं दार उघडलं आणि दोघींनाही शब्द फुटेना. तिच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून ती भिंत चाचपत आत गेली. चहा मी केला. साखर कुठल्या डब्यात, ते अकरा वर्षांनी तिनं मला हातानं दाखवलं. क्षमेचं बोलणं झालं ते पुढच्या महिन्यात, तेही थोडंच.

म्हणून तुला सांगते, वेळ बदलू नकोस, वाचन मात्र कमी कर. अध्याय नको, चार ओव्या पुरे. पण त्या मोठ्यानं वाच, तोंडाला ऐकू दे. ऑफिसातलं काम आठवलं तर झटकू नकोस, त्या कामातली माणसं प्रभूपुढे ठेव. नको असलेलं माणूसही. आणि वाचताना कुठलं वचन तू भरभर ओलांडतेस, तेवढं लक्षात ठेव. ते मला लिहिलं नाहीस तरी चालेल.

दर बुधवारी आम्ही दोघी जावा मिळून प्रार्थनेला जातो. तिला अंधारात पायरी दिसत नाही, म्हणून मी बॅटरी घेते. या वेळी तुझं नाव घेणार आहोत.

तुझी,
मावशी