सोंग

चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन गायकाच्या ‘चेंजेस’ या गाण्याचा व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला तो आवाज बंद ठेवून. घरातली सगळी झोपली होती. पडद्यावर एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय माणसाचा चेहरा, बाकी काही नाही. तो चेहरा भरून येतो, सावरतो, पुन्हा फुटतो. मग मात्र उठून हेडफोन शोधला.

गाणं मूळचं ब्लॅक सबाथ या ब्रिटिश रॉक बँडचं, 1972चं, मोडलेल्या संसाराबद्दलचं. ब्रॅडलीने ते सोल संगीताच्या वळणावर नेलं. त्याला त्यात आई दिसायची. आठ महिन्यांच्या चार्ल्सला फ्लोरिडात आजीपाशी टाकून गेलेली आई. तो आठ वर्षांचा झाल्यावर ती त्याला ब्रुकलिनला घेऊन आली. चौदाव्या वर्षी तोच घरातून पळाला आणि रात्री भुयारी रेल्वेच्या डब्यांत झोपू लागला. 1996मध्ये तिनेच बोलावलं म्हणून परतला, आणि तिच्या म्हातारपणी त्यानेच तिचं केलं. असं नातं कुठल्या सुरात बसवायचं? त्याचा आवाज मधेच चिरतो, तो तिथेच चिरतो असं मला उगीच वाटतं.

पळून जाण्याआधी, 1962मध्ये, बहिणीने त्याला हार्लेमच्या अपोलो थिएटरात सोल गायक जेम्स ब्राउन दाखवला होता. पोरगं घरी येऊन झाडूला दोरी बांधून माइक फिरवायला शिकलं. पुढे पोटासाठी स्वयंपाकी झाला. मनोरुग्णालयाच्या मुदपाकखान्यातही त्याची वर्षं गेली. ब्रुकलिनला परतल्यावर मात्र रात्री क्लबांतून विग घालून, ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’ या नावाने, तो जेम्स ब्राउन व्हायचा.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. ब्रॅडलीला स्वतःचंच सोंग आणता येत नव्हतं. डॅपटोन या ब्रुकलिनच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या गेब्रियल रॉथने त्याला हेरलं, आणि गिटारवादक टॉम ब्रेनेकबरोबर काम करताना त्याची स्वतःची गाणी झाली. पुतण्याने गोळ्या घालून मारलेल्या भावाचंही एक गाणं झालं. ‘नो टाइम फॉर ड्रीमिंग’ हा पहिला अल्बम 2011मध्ये आला. तेव्हा तो 62 वर्षांचा होता.

याला चिकाटीचं फळ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांचा हिशेब कोण देणार? कार्यक्रम संपला की तो प्रेक्षकांत उतरून दिसेल त्याला मिठी मारायचा. आपण कुणाला दिसतो आहोत, याचीच बहुधा त्याला खात्री करून घ्यायची असावी.

2016मध्ये पोटाचा कर्करोग निघाला. 23 सप्टेंबर 2017ला तो गेला, 68 वर्षांचा होऊन. पुढच्या वर्षी त्याची उरलीसुरली गाणी गोळा करून अल्बम काढला गेला. त्याचं नाव ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’.