देणाऱ्याचें विमान

विक्रमांच्या याद्या वाचण्याचा आम्हांस छंद आहे. त्यांत ‘क्वेश्चन मार्क’ या अमेरिकन लष्करी विमानाचें नांव हटकून आढळतें. 1929 च्या जानेवारींत तें कॅलिफोर्नियाच्या आकाशांत सलग 150 तास 40 मिनिटें फिरत राहिलें. स्पाट्झ, ईकर आदि पांचहि जणांस पदकें मिळालीं.

पण तें इतका वेळ वर राहिलें कोणाच्या जिवावर? दुसरें विमान नेमकें त्याच्या डोक्यावर येई, लांब नळी खालीं सोडी, आणि खालच्या माणसानें वाऱ्याच्या झोतांत ती हातानें पकडून टाकीशीं जोडावयाची! एकदां नळी निसटली आणि स्पाट्झ पेट्रोलनें न्हाऊन निघाले. तेल, पाणी, जेवणसुद्धां वरूनच दोरानें उतरे. बिनतारी यंत्र नव्हतें. निरोप द्यावयाचा तो आणखी एका विमानाच्या काळ्या रंगविलेल्या अंगावर खडूनें लिहून. देणाऱ्याचा हात वर असतो म्हणतात. येथें तर देणाऱ्याचें विमानच वर होतें.

जोखीम उभयपक्षीं होती. सॅन डिएगो येथें 1923 च्या जूनमध्यें हा प्रयोग प्रथम साधला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत टेक्सासमध्यें नळी पंखांत गुंतून पेट्रोल देणाऱ्या विमानाचा चालक वॅगनर प्राणास मुकला. तरीहि 1929 मध्यें नळी सोडणाऱ्यांच्या वांट्यास केवळ प्रशंसापत्रें आलीं. पदकासाठीं 1976 साल उजाडावें लागलें!

1949 सालीं ‘लकी लेडी टू’नें कोठेंहि न उतरतां पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेंत चार वेळां तिला पेट्रोल पाजणाऱ्या विमानांचीं नांवें आमच्या यादींत नाहींत.