ताळा

पूर्वी गणिताच्या वहीत भागाकाराचे उत्तर आले, की त्याखाली 'ताळा' असे लिहून आणखी दोन ओळी लिहाव्या लागत. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. बेरीज भाज्याइतकी आली की जीव भांड्यात पडे. गुरुजींची लाल पेन्सिल वहीवर फिरण्याआधी आपले काम आपणच पडताळून पाहावे, एवढी मोठी शिकवण त्या दोन ओळींत होती. गणकयंत्र आले आणि ताळा वहीतून निघून गेला. आता तो शाळेच्या संगणक कक्षात नव्या नावाने परतला आहे. त्याचे नवे नाव 'युनिट टेस्ट'.

आम्हां शिक्षकांना युनिट टेस्ट म्हणजे घटक चाचणी, पंचवीस गुणांची. ती मुलांची परीक्षा. ही परीक्षा मात्र मुलाने लिहिलेल्या फंक्शनची. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅममधला एक लहानसा कारागीर. त्याला काही द्यावे, त्याने ठरलेले काम करून उत्तर हातावर ठेवावे. त्याला काय दिले असता काय मिळाले पाहिजे, हे आधी लिहून ठेवायचे आणि मग संगणकालाच ताडून पाहायला सांगायचे, ही झाली युनिट टेस्ट.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंग सहावीपासून आणले आणि आमच्या गोव्यात 'केअर्स' योजनेतून ते पेडणे-डिचोलीच्या खेड्यांतही पोहोचले. आमच्याकडची पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत आणि पाचवीपासून एकदम इंग्रजीत. भाषा बदलते त्या वर्षी मूल एक युक्ती शिकते: फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घ्यावे, म्हणजे कोणी काही विचारत नाही. प्रोग्रॅमही असाच उतरतो. पडद्यावर उत्तर उमटते, मूल खूष होते. 'हेच उत्तर का?' असे विचारले की खाली मान. म्हणून संगणकाच्या तासाला आम्ही एक नियम केला. आधी ताळा लिहायचा, मग फंक्शन.

उदाहरण घरचेच घेऊ. गुण दिले की 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' सांगणारे फंक्शन. मर्यादा ३३ धरू. मुले ताळ्याला हटकून ८० आणि १० घेतात. दोन्ही बरोबर येतात, आणि त्यांतून काहीच कळत नाही. चूक दडते ती वेशीवर. '३३ किंवा अधिक' असे लिहायचे ते '३३ हून अधिक' असे लिहिले गेले, तर ८० चा मुलगा सुखरूप राहतो आणि बरोबर तेहतीसवाला नापास होतो. म्हणून ३२ आणि ३३ विचारलेच पाहिजेत. मग ० आणि १००. मग १०१, जे गुण कधी असूच शकत नाहीत. आणि रकाना रिकामा असेल तर? तापाने अंथरुणाला खिळलेल्या मुलीला शून्य द्यायचे की 'गैरहजर' म्हणायचे? याचे उत्तर संगणकाकडे नाही, ते शाळेनेच ठरवावे लागते. चांगला ताळा असा प्रश्न वेळेवर पुढे आणतो.

ताळा लिहिण्याचीही एक रीत आहे. भूमितीत आपण पक्ष, साध्य, सिद्धता असे ओळीने मांडतो. येथेही तीन पायऱ्या: आधी दिलेली माहिती, मग फंक्शनला एकदा हाक, शेवटी अपेक्षित उत्तराशी तुलना. एका चाचणीने एकच गोष्ट विचारावी. एका प्रश्नात पाच उपप्रश्न कोंबले, तर मूल नेमके कोठे अडले हे कळत नाही, तसेच हे. एक चाचणी दुसरीच्या आधारावर उभी नसावी. आणि नाव असे असावे, की ती नापास झाली तर नाव वाचूनच दोष कळावा. 'चाचणी क्रमांक ४' हे नाव मुके आहे, 'तेहतीस गुणांना उत्तीर्ण' हे नाव बोलते.

भिंतीवरच्या कालनिर्णयाला साधा वाटणारा एक प्रश्न घ्या. लीप वर्ष कोणते? चार चाचण्या पुरतात: २०२४ होय, २०२३ नाही, १९०० नाही, २००० होय. 'चारने भाग जातो' एवढेच लिहिणाऱ्याचे तीन ताळे जमतात आणि १९०० वर गाडी अडते. मग तो 'शंभराने भाग गेला तर नाही' ही ओळ घालतो. १९०० सुटते, पण आतापर्यंत बरोबर असलेले २००० बिघडते! चारशेचा नियम आला, की चारी जुळतात. जुन्या चाचण्या पुसून टाकायच्या नाहीत, त्याचे कारण हे. नवी दुरुस्ती जुने मोडते तेव्हा त्याच ओरडतात.

फंक्शनला सीमाही ओलांडावी लागते. पत्रादेवीचा नाका ओलांडून सावंतवाडीला गेलो, की उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागतात. आमचे फंक्शन तेथे नेले, तर ३४ वाल्याला बेधडक पास करील. जगात हा प्रकार फार महाग पडलेला आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत फुटले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतील प्रोग्रॅम जुन्या एरियन-४ वरून घेतलेला होता. नव्या बाणाचा आडवा वेग जास्त. तो आकडा नेमून दिलेल्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. नव्या मार्गाचे आकडे घालून त्या भागाची चाचणी झालीच नव्हती, असे चौकशीत निघाले. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी झुरिचहून अटलांटाला जाताना विमानात बसून 'जेयुनिट' हे चाचण्यांचे साधन लिहिले. पायथॉनमधले 'युनिटटेस्ट' त्याच घराण्यातले.

आता आमच्या भागाच्या जिव्हाळ्याची गोष्ट. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून फंक्शनचे नाव देवनागरीत लिहिता येते. चाचणीच्या नावाच्या आरंभी 'टेस्ट' एवढे रोमन अक्षरांत हवे, पुढे मराठी चालते. तेव्हा इंग्रजीत वाक्य जुळवताना अडखळणारी मुलगी 'टेस्ट_रिकाम्या_रकान्याला_गैरहजर' असे लिहून मोकळी होते, आणि तिला सगळे समजले होते हे त्या क्षणी कळते. पुढे नोकरीत तिला नावे इंग्रजीतच द्यावी लागतील, ती द्यावीत. काय म्हणायचे आहे ते पक्के असले, की भाषांतर अवघड नसते. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात वाडीवाडीवर मराठी शाळा उघडल्या, त्यांनीही आधी विचार करायलाच शिकवले. इंग्रजी मागाहून आले.

ताळा जमला म्हणजे सारे निर्दोष, असे मात्र समजू नये. चाचणी चूक असल्याचे दाखवते. चूक उरलीच नाही, याची ग्वाही ती देत नाही. जे विचारायचे सुचलेच नाही, ते तसेच राहते. त्यासाठी शेजारच्या मुलाने आपले फंक्शन मोडून दाखवावे, अशी पैज आम्ही लावतो. आजवर गप्प बसणारी मुलेच तिच्यात पुढे असतात.

वाचकहो, तुमच्या घरातले मूल संगणकावर काही करून दाखवील, तेव्हा शाबासकी द्याच. मग एवढेच विचारा, 'याचा ताळा काय?' कोणत्याही भाषेत का होईना, पण त्याने उत्तर आधी सांगितले आणि यंत्राने मागाहून, तर त्याला ते आले आहे असे खुशाल समजा.