वहिनीस पत्र

वारणानगर

प्रिय वहिनी,



परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "बायबल उघडवत नाही. प्रार्थनेला ओठच हलत नाहीत." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगं जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि येणारा-जाणारा देवाची इच्छा सांगून जातो. लाजर गेला तेव्हा येशूनं त्याच्या बहिणीला, मरीयेला, असलं काही ऐकवलं नाही. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही तो आधी रडला. अशा प्रभूपुढं तुम्ही धीराचं सोंग कशाला आणायचं?

सध्या माझ्या मनात सारख्या पंडिता रमाबाई येतात. दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला, तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सभेत आपण गोष्ट इथंच थांबवतो, जसं काही विश्वास धरला आणि दुःख मिटलं. कुठलं मिटतंय! निराधार बायकांसाठी त्यांनी काढलेलं केडगावचं मुक्ती सदन पुढं जिनं सांभाळायचं, ती मनोरमाच १९२१ च्या जुलैत गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं अशा सोप्या भाषेत. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. लेकीमागं त्या वर्षभरही जगल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पण भाषांतर पुरं करून गेल्या. त्यांच्या सगळ्या मोठ्या कामांपेक्षा मला हे शेवटचे महिने जवळचे वाटतात. लेक का नेली, याचं उत्तर त्यांना कोण देणार होतं? तरी ज्याच्यावर भरवसा टाकला होता, त्याचेच शब्द त्या रोज उतरवत राहिल्या.

तुम्ही रमाबाई व्हा, असं मी म्हणत नाही. तेवढं बळ सगळ्यांना नसतं, मलाही नाही. पण कफर्णहूमातला तो पक्षघाती आठवा. चौघांनी छप्पर उसकटून त्याला खाली सोडला. येशूनं त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. खाटेवरचा माणूस तोवर एक शब्दही बोललेला नाही. वहिनी, सध्या तुम्ही खाटेवर पडून राहा. कोडोलीच्या चर्चमध्ये आम्ही बायका दर रविवारी तुमचं नाव घेतो. खाट आमच्या खांद्यावर आहे.

कारखान्याचा हंगाम चालू आहे, रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलाय, तरी शनिवारच्या एसटीनं मी येते. दादाला सांगा, स्टँडवर यायची गरज नाही. चार दिवस राहीन. पोराचे कपडे आवरायचे राहिलेत म्हणालात, ते दोघी मिळून आवरू. नाही जमलं, तर राहू देत तसेच.

तुमची धाकटी नणंद